तापू द्या, तवर बसा

बसा, ह्या खुर्चीवर बसा, ती दुसरी डुगडुगती. तुमच्या मशीनीच्या पंख्याचा गाळ तेवढा सकाळी काढलाय, आता ती चालू केलीय, वरचा पंखा बंद केलाय, खाली पोतं घातलंय, आता ती तापल्याबिगर मी तिला पुढं हात लावणार न्हाई. आन तापायला वेळ लागतो. थंडी मशीन लई लबाड असती बगा, घरी लेकरू तापानं फणफणतंय आन डॉक्टरसमोर नेलं की हसून राहिलंय, तशी. तुम्ही म्हणायलात, स्क्रीन मधीच काळा पडतो आन थोड्या येळानं आपोआप येतो. हाव, तापाचंच लक्षण दिसतंय. पण दिसतंय म्हणून इलाज करायचा न्हाई, समोर झाल्यावर करायचा. तवर दुसरं काय करणार, बोलत बसायचं. तुम्ही लिहून घेतो म्हणता तर घ्या, मला काय, माझं बोलणं तर असंही भिंतीच ऐकतात.

माझं नाव किशन. गाव कंधारच्या अलीकडं, मन्याड नदीच्या अंगाला. आमची वस्ती गावाच्या कडंला, विहाराला लागून. बाप दुसऱ्याच्या शेतात कामाला, आई बी त्याच्याच मागं. आमच्या गावच्या चावडीत एक टीव्ही व्हता, लाकडी दाराचा, आन तो सारखा बिघडायचा, मंग कंधारहून हमीद उस्ताद यायचे सायकलवर, पाठीला पिशवी, पिशवीत सोल्डरिंगची कांडी. सगळं गाव टीव्हीला बघायचं, मी उस्तादच्या हाताला बघायचो. धाव्वी नापास झालो तवा सरळ कंधारला जाऊन त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो, म्हणलो मला शिकवा. ते म्हणले काय काम येतं, मी म्हणलो कायबी न्हाई. म्हणले अच्छा है, फिर बैठ.

त्या टीव्हीला पण तापाची बिमारी असायची. सुरू केला की चित्र भरपूर, आन तापला की चित्र खालून आखडायचं, बातम्या सांगणाऱ्या बाईची हनुवटी गायब. मी घाई करायचो, लगेच झाकण खोलायचो. उस्ताद हातावर चापट मारायचे, म्हणायचे गरम होने दे, पहले उसको बोलने दे, फिर तू बोल. काय सांगू तुम्हाला, आख्खी विद्या एवढीच हाय. बाकी सगळं पान्हा आन स्क्रू.

मंग ते डब्बे टीव्ही गेले, उस्ताद पण गेले, कंधारला पोट भरंना. लग्न झालं व्हतं तवर, शीला, अहमदपूरकडली. ती म्हणली लातूरला चला, तिथं पोरं शिकायला येतात गावोगावची, प्रत्येकाच्या खोलीत काहीतरी बिघडंलच की. डोकं तिचं, नुसतं हात माझे. मंग हे दुकान धरलं. क्लासेसच्या मागची गल्ली, पत्र्याच्या खोल्या, उन्हाळ्यात तिथं चुलीत बसल्यासारखं व्हतंय, आन पोरं लॅपटॉप गादीवर घेऊन लोळायलेत, मशीनीचं नाक गादीत. मशीनीला खालून नाक असतंय बगा, तिथनं ती वारा घेती. गादीनं नाक दाबलं की झालं. मी एक एक मशीन खोलत खोलत शिकलो. शिकवलं कुणी न्हाई, मशीनींनीच शिकवलं.

दुकानाच्या अर्ध्या भागात शीलाचं शिलाई मशीन व्हतं, ते बगा, अजून तिथंच हाय, कापड टाकलंय त्याच्यावर. ब्लाऊज शिवायची. बाया यायच्या, मापं द्यायच्या, आन बसायच्या तास तास. माझं गिऱ्हाईक आलं तरी तिच्याशीच बोलायचं. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाची सासू खाट धरून हाय, सगळी खबर इथं. मी आपला खाली मान घालून. मला वाटायचं किती कलकल करायल्यात ह्या. म्हणायचो पण, शीले, जरा हळू. आता म्हणून बघतो कधी कधी, शीले, जरा जोरात.

काविळीचं निमित्त झालं आन गेली. पोरगी प्रज्ञा हैदराबादला हाय, कंपनीत, जावई पण तिथंच, चांगली हायेत दोघं. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. बाबा जेवलात का, बाबा दुकान बंद करा आन इकडं या, एकटे काय करायलात तिथं. मी म्हणतो एकटा कुठं हाय बाई, दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई, गर्दी असती. ती म्हणती मंग व्हिडिओ लावा, बघू तुमची गर्दी. मी म्हणतो कॅमेरा खराब हाय. दुनियेचे कॅमेरे नीट करणाऱ्याचा कॅमेरा खराब! पण पोरीनं कधी उलटून विचारलं न्हाई. गर्दी काय, तुम्ही बघायलातच. हल्ली लोक मशीन ठेवतात, नंबर सांगतात, झालं की मेसेज टाका म्हणतात आन जातात. बसत कुणी न्हाई. एक तापाची मशीन आली की तेवढं मी म्हणू शकतो, बसा, वेळ लागंल. खोटं पण नसतंय ते.

बगा तुमचा स्क्रीन, हाय का उजेड? हाय. तापू द्या अजून.

तर मी सांगत व्हतो ती गयाबाई मावशीची गोष्ट. सांगत नव्हतो? मंग आता सांगतो. इथल्याच, लातूरजवळच्या मुरुडची बाई, विधवा, एसटीनं आली, दुपारच्या उन्हात. काखेत कापडाची पिशवी, पिशवीत लुगड्यात गुंडाळलेला लॅपटॉप, पाळण्यातलं लेकरू काढावं तसा काढून टेबलावर ठेवला. म्हणली मिस्त्री, ह्याचं डोळं गेलंय का बगा. मी म्हणलो काय व्हतंय मावशी. तर म्हणली पोरगा दुबईला हाय, बालाजी, हॉटेलात कामाला. माझं मोतीबिंदूचं आपरेशन झालंय, फोनमधलं दिसत न्हाई बारीक, म्हणून त्यानं जाताना त्याचा कॉलेजातला हा ठेवला, कुठलं बटन दाबायचं ते शिकवलं. रोज दिसतो. पण आता बोलता बोलता काळं व्हतंय. आवाज येतो, तोंड दिसत न्हाई.

मी चालू केला. वर पंखा गरगरायलाय, टेबल थंडं, मशीन बी प्रवासात निवलेली. स्क्रीन एकदम झकास. स्क्रीनवर पोराचाच फोटो लावलेला, पांढरा सदरा, दाढी कोरलेली. बराच वेळ बघितलं, काही न्हाई. मी म्हणलो मावशी, मशीन तर चांगली हाय.

बगा, कुणालाबी मशीन चांगली हाय म्हणलं की माणूस खूष व्हतं. ही बाई खूष झाली न्हाई. तिचा चेहराच पडला. म्हणली नक्की चांगली हाय? म्हणलो हाव. मंग ती लुगडं गुंडाळायला लागली आन स्वतःशीच म्हणली, म्हंजे मशीन न्हाई, त्यानंच बंद केलंय, त्यालाच मला तोंड दाखवायचं न्हाई.

ती दारापर्यंत गेली व्हती. मी म्हणलो मावशी थांबा. कामून थांबवलं मला पण कळलं न्हाई तवा. म्हणलो पाणी प्या, बसा, मशीन अजून बोलली न्हाई. ह्याच खुर्चीवर बसवली तिला, तुम्ही बसलात त्या.

मंग विचारलं, घरी कुठं ठेवता, कशावर ठेवता, करून दाखवा. उस्ताद विचारायचे तसं. तर ती म्हणली देवापाशी. पाटावर गोधडीची घडी, घडीवर मशीन, आन उघडली की पाठीवर मखमलीचा तुकडा पांघरायचा, धूळ बसू नये म्हणून. मी म्हणलो आलं ध्यानात. पंखा बंद केला, तिच्याच लुगड्याची घडी केली, तिच्यावर मशीन ठेवली, नाक दाबलं, वरून माझा गमछा पांघरला. आन बसलो दोघं घाम पुसत. ती म्हणली हे काय करायलात. म्हणलो तुमचं घर करायलो.

बसल्या बसल्या बाई बोलली. पोरानं तिकडंच एक पोरगी बघितलीय, केरळची, नर्स हाय. त्यानं सांगितलं तवा ही लई बोलली त्याला, तुझा बाप असता तर असं केलं असतंस का, असलं सगळं. आन त्याच दिवशी, बोलता बोलता, स्क्रीन काळा. तिला वाटलं राग आला, तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी परत दिसला, गोड बोलला, आन थोड्या येळानं परत काळा. आवाज येतोय आई आई. ही गप. हिचं म्हणणं, तोंड झाकून बोलणाऱ्याशी मी कामून बोलू. मी म्हणलो त्याला विचारायचं तरी, दिसत कामून न्हाईस. तर म्हणली मी आई हाय त्याची, मी विचारू? आन मंग म्हणली, मिस्त्री, जो तोंड दाखवत न्हाई ना, त्याला काहीतरी लपवायचं असतंय.

मी म्हणलो हाव मावशी. दुसरं काय म्हणणार? मान खाली घालून मशीनीला हात लावून बघितला. बिजागरीपाशी असा चटका.

आन झालं. आधी स्क्रीनवर आडव्या रेघा, मंग उघडझाप, मंग काळा मिट्ट. बाई उठूनच उभी राहिली, म्हणली बगा, बगा, असंच! इतकी खूष झाली, जशी काय मशीन बिघडून तिला लॉटरी लागली. मी पण खूष. म्हणलो आता हलवू नका. माझा मोबाइल काढला, त्याची बॅटरी लावली आन तिरपी धरली, स्क्रीनला एकदम टेकवून. म्हणलो मावशी, वाका, डोळं बारीक करून बगा. तिला आधी दिसंना. मंग दिसलं. त्या काळ्यात फिकट फिकट, पांढरा सदरा, दाढी. पोराचा फोटो जिथल्या तिथं.

म्हणलो पोरगा इथंच हाय मावशी. कुठं गेला न्हाई, तोंड फिरवलं न्हाई. चित्र तसंच हाय, फक्त मागचा उजेड गेलाय. हे सगळ्यात पहिलं बघायचं असतंय. स्क्रीन काळा पडला म्हंजे चित्र गेलं असं न्हाई. बॅटरी मारायची, चित्र फिकट दिसलं तर समजायचं उजेडाचा दोष हाय. आन तापल्यावरच जातो, थंडावल्यावर येतो, म्हंजे ताप. त्या स्क्रीनवर बोट ठेवलं बाईनं, फोटोच्या गालावर, आन रडली बिचारी. मी स्क्रूचा पेचकस शोधायलो असं दाखवलं.

थंड झाल्यावर खोलली. आता इथं खरी गंमत. मशीनीच्या पंख्यात काय निघावं? तांदूळ. अक्षता, हळद लावलेल्या. आन कुंकू, अंगारा, उदबत्तीची काजळी, तेल, सगळ्याचा मिळून असा लेप बसलेला, पंख्याचं पातं हलंना. एक अक्षता तर पात्यात बरोबर अडकलेली, पाचर मारल्यागत. दसऱ्याला लोक हत्याराची पूजा करतात, मशीनीला हळदकुंकू वाहतात, तेवढं मला मालूम व्हतं, दसऱ्यानंतर माझ्याकडं अशा एकदोन येतातच. पण ही बाई रोज करायची. सकाळी देवाची झाली की मशीनीची. म्हणली माझा बालाजी त्याच्यातनं येतो, मंग त्याला दोन दाणे वाहायचे न्हाईत?

आता सांगायचं कसं? बगा, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. मी विहारात जाणारा माणूस, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बाईनं आल्या आल्या बघितला व्हता. मी म्हणणार पूजा बंद करा, आन ती म्हणणार, ह्यांना आमच्या पूजेचं वावडंच. असं ऐकलंय मी, न्हाई असं न्हाई. आन न सांगावं तर महिन्याभरात परत काळोख, परत तिचं पोरगं तोंड लपवणार. मी ती अक्षता कागदावर काढून तिच्यापुढं ठेवली नुसती. म्हणलो मावशी, तुमच्या घरच्या तांदळाची हाय ना? तिनं बघितली. हुशार बाई. म्हणली, म्हंजे मीच त्याचं तोंड झाकलं व्हय.

म्हणलो तुम्ही न्हाई, माया जास्ती झाली, मशीनीला सोसली न्हाई. म्हणली मंग काहीच वाहायचं न्हाई का? ते इतकं बारीक तोंड करून विचारलं की माझ्या तोंडातनं निघून गेलं, टिकली लावा. कुंकू सांडतंय, टिकली सांडत न्हाई. वर झाकणाला चिकटवा. तर ती म्हणली मी कुठनं टिकली आणू, मालक गेल्यापासनं घरात टिकली न्हाई, आन दुकानात मागायला गेले तर लोक काय म्हणतील, म्हातारीला कुणासाठी लागती टिकली.

शीलाच्या शिलाई मशीनच्या खणात एक पाकीट व्हतं. लाल टिकल्या, बारक्या, अर्ध्या वापरलेल्या. ती गेल्यापासनं तो खण मी उघडला नव्हता, उघडायचं काम पण पडलं नव्हतं. उठलो, उघडला. दोरा, बटनं, खडू आन ते पाकीट. दिलं मावशीला. म्हणलो माझ्या बायकोचं हाय, ती असती तर तिनंच दिलं असतं, आन तुम्हाला जेवू घालून पाठवलं असतं. मावशीनं दोन्ही हातांनी घेतलं. एक टिकली काढली आन झाकणाच्या बरोबर मधी लावली, अशी दाबून. मी म्हणलो चालतंय, तिथनं वारा जात न्हाई.

पंखा साफ केला, चिपवर ताप ओढणारी नवीन पेस्ट लावली, बिजागरीतली तार नीट बसवली, आन परत तोच खेळ, लुगड्याची घडी, गमछा, पंखा बंद. आन ह्या खेपेला म्हणलो लावा पोराला. त्यानं उचलला, हॉटेलच्या मागं कुठंतरी उभा व्हता, डोक्यावर ती कागदाची टोपी. मावशी पहिलं वाक्य काय बोलावी? टोपी काढ, केस दिसू दे. मंग विचारलं एकदाचं, तोंड कामून लपवत व्हतास रे. तो म्हणला मी कुठं लपवलं आई, मी तर तुझ्यासमोरच उभा असायचो, तूच गप बसायचीस, मला वाटलं तू रुसलीस, म्हणून मी रोज आई आई करायचो. बाई हसायली आन रडायली. मंग म्हणली ती पोरगी कुठाय, तिला दाखव की. ती कामावर गेलीय म्हणला. म्हणली मंग उद्या दाखव.

किती वेळ बोलली, मला ठाव न्हाई. स्क्रीन गेला न्हाई. मी दारात जाऊन उभा राहिलो. जाताना माझ्या हातात मुरुडचे भुईमूग देऊन गेली, म्हणली मिस्त्री, तुमचं घर भरलेलं राहू दे. आता काय सांगू तुम्हाला.

त्याच्यानंतर ती आली न्हाई. येणार कामून? चांगलं काम केलं की माणूस परत येत न्हाई, आमच्या धंद्याचं हेच हाय बगा, डॉक्टरचं तसंच आमचं. मुरुडची दुसरी लोकं येतात, गयाबाईनं पाठवलं म्हणतात. एक मास्तर सांगत व्हता, तिच्या मशीनीचं झाकण आता लाल झालंय टिकल्यांनी, सुनेसाठी वेगळी लावती, कोपऱ्यात. मी विचारलं तापती का. म्हणला न्हाई. म्हणलो, बरं झालं. बरंच झालं की. पण त्या दिवशी पंखा लावून बसलो तर तो पण लई मोठा वाजायला लागला.

आन तिचं ते वाक्य राहिलं माझ्यापाशी. जो तोंड दाखवत न्हाई त्याला काहीतरी लपवायचं असतंय. प्रज्ञाला सगळं कळत असंल का हो? लेकीला कळत असंल. हैदराबादला जावं तर तिथं मी कुणाच्या घरात बसणार, दिवसभर दोघं कामावर, तिथं बी खुर्चीच. इथं निदान ते शिलाई मशीन हाय. पण तिनं एकदा व्हिडिओवर ह्या रिकाम्या खुर्च्या बघितल्या ना, तर गाडी करून येईल आन शटर ओढून घेऊन जाईल. म्हणून माझा कॅमेरा खराब.

बगा तुमचा स्क्रीन. हाय की अजून. हात लावून बघतो थांबा. तापलीय चांगली, आन उजेड तसाच. सकाळी मी पंख्याचा गाळ काढला व्हता, तेवढंच कारण दिसतंय. म्हंजे तुमची बरी झाली. घेऊन जा. गादीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, दसऱ्याला फूल ठेवा फक्त, सुटं काही वाहू नका. तुमची मशीन कधी न तापो, अजून काय म्हणू.

थांबा, फोन वाजायलाय. प्रज्ञाच, तिची येळ झाली. तुम्हाला लई घाई हाय का हो? न्हाई ना? मंग एक काम करा, उठू नका, बसा तसंच. ती खुर्ची जरा इकडं सरकवा, माझ्या मागं. अजून थोडी. हाव, आता दिसताय. मी आज कॅमेरा लावतो. खोटं थोडीच हाय, बसलात ना तुम्ही.